काउंटरवरचा दुसरा माणूस

यतीनचा डावा हात मोडला आणि त्याच आठवड्यात तो सिडनीजवळच्या अख्ख्या वेंटवर्थव्हिलमध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीही तो तिथल्याच स्टेशनवरून युनिला जात होता, तिथल्याच दुकानातून कढीपत्ता आणि मॅगी आणत होता, पण कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हतं. आता किराणा दुकानातली गुजराती मावशी त्याच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी फुकट कोंबू लागली आणि लेबनीज न्हावी अर्ध्या कटिंगमध्ये कात्री थांबवून सगळी हकिगत पुन्हा पहिल्यापासून विचारू लागला. प्रसिद्धीची हौस यतीनला लहानपणापासून होती. ती अशी प्लास्टरमध्ये बांधून मिळेल असं मात्र त्याला वाटलं नव्हतं.

हकिगत तशी छोटीच होती. टूनगॅबीला मेल्डन कंपनीचा एक पेट्रोल पंप होता. पंप म्हणजे इथल्या लोकांचा सर्वो, तेल कमी आणि चिप्स, सिगारेटी, गरम पॅटिस जास्त विकणारा. तिथे यतीन रात्रपाळीला एकटा असायचा. एकदा दोन पोरं आली, त्यांनी गल्ला मागितला, यतीनने ट्रेनिंगच्या व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे नम्रपणे तो दिला, आणि जाता जाता त्यातल्या एकाला काय हुक्की आली कोण जाणे, त्याने हातातली लोखंडी सळई यतीनच्या मनगटावर घातली. ते वर्षच तसं होतं. भारतीय विद्यार्थ्यांना मारहाण झाल्याच्या बातम्या दर पंधरा दिवसांनी यायच्या आणि ठाण्यात यतीनची आई टीव्हीसमोर बसून प्रत्येक बातमीत आपला मुलगा शोधायची. या खेपेला तो सापडला.

यतीनचा फ्लॅटमेट जॉयल वसईचा. तो पॅरामाटाच्या एका कॉलेजात कुकरी शिकत होता. त्याच्या आईच्या हातचं इंद्याल खायला म्हणे नालासोपाऱ्याहून माणसं यायची, आणि या पोराला धड कुकर लावता येत नव्हता. पण त्या काळी कुकरी शिकलं की पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना, मिळतो अशी हवा होती, म्हणून अर्धी वसई आणि अख्खा पंजाब कांदे चिरायला ऑस्ट्रेलियात आला होता. यतीनला प्लास्टर घातलं त्याच संध्याकाळी जॉयलने त्याचा निळा युनिफॉर्म अंगात चढवला.

"तुझ्या शिफ्ट मी करतो," तो म्हणाला. "नाहीतर ते दुसऱ्या कुणाला देतील, मग हात बरा होऊन पण तुझा काही उपयोग नाय."

"जॉयल, एकटा असतो रे माणूस तिथे."

"मी एकटा कुठे, मदर मेरी आहे," जॉयल म्हणाला, आणि बुटाची नाडी बांधू लागला.

तेव्हापासून त्यांचं एक ठरलं. शिफ्टवर असताना जॉयलने दर तासाला एक मिस्ड कॉल द्यायचा. दोनदा वाजवायचं आणि कापायचं. उचलला तर पैसे पडतील, म्हणून उचलायचा नाही. फोन वाजला की जॉयल ठीक आहे एवढंच यतीनला हवं होतं. पण मधला तास काही लवकर सरत नसे. पुस्तक उघडून बसावं तर ओळी नुसत्या डोळ्यांखालून जायच्या. आपल्या मोडक्या हातापायी हा तिथे उभा आहे, हे यतीनच्या डोक्यातून जात नसे.

खरं तर यतीनने हात मोडण्याच्या बऱ्याच आधी कंपनीला मेल पाठवली होती. रात्री काउंटरवर दुसरा माणूस द्या, एवढंच मागणं. उत्तर रॉस पार्नेल नावाच्या कुणा स्टेट मॅनेजरकडून आलं होतं, मोठं गोड. तुझ्या फीडबॅकबद्दल आभार, यतीन, पण सध्या दुसरा टीम मेंबर आमच्या योजनेत बसत नाही. एका माणसाची टीम कशी असते हे यतीनला कळलं नाही, पण भारतातून आलेला विद्यार्थी उलट प्रश्न विचारत नाही.

मग एके दिवशी ब्रॉन्विनबाई आल्या. 'रेडी होम्स' नावाची एक नागरिकांची चळवळ होती, तिच्या त्या सर्वेसर्वा. स्वतः भाजलेला बनाना ब्रेड घेऊन आल्या, यतीनच्या हाताकडे पाहून त्यांचे डोळे पाणावले, आणि ते खोटं होतं असं म्हणायला जागा नाही. त्यांचं म्हणणं सोपं होतं. या देशात स्वतःचा जीव वाचवायचा आहे, एवढ्या कारणावर बंदुकीचा परवाना मिळत नाही. हा कुठला न्याय? घरात असो की दुकानात, प्रत्येक साध्या माणसाला स्वतःच्या रक्षणासाठी बंदूक ठेवता आली पाहिजे. राज्याच्या विधानसभेत तसं विधेयक आणायला एक आमदार तयार होते. फक्त लोकांसमोर एक चेहरा हवा होता.

"तुझा," ब्रॉन्विनबाई म्हणाल्या. भाषणही लिहून आणलं होतं.

यतीन अकाउंटिंगचा विद्यार्थी. त्याने सहज विचारलं, "तुमच्या चळवळीला पैसे कोण देतं?"

"आमच्यासारखीच साधी माणसं. शनिवारी सॉसेज सिझल करतो आम्ही, सॉसेज भाजून विकतो."

त्यांचं ऑफिस पॅरामाटाच्या काचेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं आणि पत्रकांचा कागद इतका गुळगुळीत होता की हातातून सटकायचा. एवढ्या सॉसेज खाल्ल्या तरी कुणी, असा प्रश्न यतीनच्या मनात आलाच. पण बाईंचं पुढचं वाक्य ऐकलं आणि तो प्रश्न तिथेच विरला. त्यांच्या एका मित्राच्या कंपनीत असिस्टंट मॅनेजरची जागा होती, व्हिसाच्या स्पॉन्सरशिपसकट. भाषण झालं की पुढच्याच आठवड्यात कागदपत्रं.

ही स्पॉन्सरशिप काय चीज होती ते त्या वर्षी ऑस्ट्रेलियात असलेल्या कुठल्याही पोराला विचारा. यतीन आला तेव्हा शिका आणि राहा असा सरळ मामला होता. तो शिकत असतानाच सरकारने नियम फिरवले, आणि ज्यांच्या बॅगा उघडून झाल्या होत्या त्यांना त्या पुन्हा भरायची वेळ आली. यतीनचा व्हिसा उन्हाळ्यात संपत होता. ठाण्यात बाबांनी मुलगा आता तिकडचाच झाला असं सोसायटीच्या गच्चीवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे यतीनला स्वतःला इथे राहायचं होतं. इथल्या संध्याकाळी त्याला आवडायच्या, झाडावर कलकलाट करणारे लॉरिकीट पोपट आवडायचे, आपल्याला इथे कुणाचा मुलगा म्हणून कुणी ओळखत नाही हेही आवडायचं. तो हो म्हणाला.

भाषणाची तालीम जॉयलसमोर झाली. त्या रात्री माझ्याकडे बंदूक असती तर आज माझा हात धड असता, हे त्यातलं मुख्य वाक्य. तिथे थांबायचं आणि प्लास्टर वर करायचं, असं समासात लिहिलं होतं.

जॉयल उकडलेलं अंडं खात ऐकत होता. "म्हणजे उद्या मला काउंटरखाली बंदूक देणार?"

"देणार म्हणजे, हवी तर ठेवता येईल."

"यतीन, मला त्या गल्ल्याचं ड्रॉवर धड उघडता येत नाय. दर वेळी बोट सापडतं. मी कसली बंदूक काढतो? आणि मला मिळाली तर त्या पोरांना नाय मिळणार? ती काय सळई घेऊन येतील मग?"

"अरे, स्पीच आहे नुसतं. कायदा होईल तेव्हा होईल. मी मॅनेजर झालो की पहिलं काम तुला माझ्याकडे घेतो आणि रात्री दुसरा माणूस देतो."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"तोपर्यंत मी असलो पाहिजे ना पण," जॉयल म्हणाला आणि अंड्यावर मीठ भुरभुरवत हसला. यतीनही हसला, पण त्याला ते लागलं.

सभेसाठी हॉल मिळवून दिला दीनानाथकाकांनी. काका इथल्या मराठी मंडळाचे तहहयात अध्यक्ष. त्यांना खाली उतरवायची कुणाची छाती नव्हती आणि त्यांच्याएवढ्या खुर्च्या उचलायची कुणाची तयारी नव्हती. आयुष्यभर रेल्वेत सिग्नल सांभाळलेले काका बंदुकीबद्दल म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही बुवा. आपला मुलगा मार खाऊन आलाय, त्याला बोलायचंय, तर हॉल आपला." वडे करायचं सुनेत्राकाकूंनी अंगावर घेतलं.

काकांना एकच व्यसन होतं, सत्काराचं. त्यांच्या गॅरेजच्या बाहेर गाडी असायची आणि आत शालींचे गठ्ठे, फिजीहून आलेले नारळ आणि दोन पुणेरी पगड्या. मंडळासाठी कुणी चहाचा खर्च जरी केला तरी तो शाल-श्रीफळ घेतल्याशिवाय घरी जाऊ शकत नसे. हॉलचा नळ दुरुस्त करणाऱ्या प्लंबरचा सत्कार झाला होता. सत्यनारायणाच्या धुराने अलार्म वाजला म्हणून धावत आलेल्या फायर ब्रिगेडच्या चारही जणांचा झाला होता, हेल्मेट काढायला लावून.

सभेच्या आदल्या दिवशी यतीन एका हाताने खुर्च्या लावत होता तेव्हा काका फुलून आले होते.

"काय माणूस आहे रे, यतीन. काय माणूस."

"कोण, काका?"

"तुमच्या सभेचा सगळा खर्च करणारा. काल ब्रॉन्विनबाईंबरोबर हॉल बघायला आला होता. बाई मला कौतुकाने सांगत होत्या, हे नसते तर आमची चळवळ उभीच राहिली नसती, ऑफिस काय, पत्रकं काय, सगळं यांचं. मी म्हटलं, मग सभेत स्टेजवरून तुमचं नाव घेतो. तर म्हणाला, प्लीज, माझं नाव नको."

"मग नका घेऊ."

काकांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अरे, मी पुन्हा म्हटलं. तो पुन्हा नको म्हणाला. मी तिसऱ्यांदा म्हटलं, तर माझा हात धरून म्हणाला, आय मीन इट, कंपनीचं नाव तर अजिबात नको. तीनदा नको म्हणाला, यतीन! गोऱ्या माणसात हा विनय मी पहिल्यांदा बघितला. आपल्याकडे कशी माणसं असतात, एकदा नको म्हणतील आणि दुसऱ्यांदा मान पुढे करतील. एकदा नको म्हणणाऱ्याला शाल पुरते. हा पगडीचा माणूस आहे."

"कुठल्या कंपनीचा आहे?"

"ते उद्या स्टेजवरूनच. कार्ड घेऊन ठेवलंय मी, हुद्दा चुकायला नको."

यतीनला जरा विचित्र वाटलं. पण डोक्यात भाषण होतं, आणि काकांना सत्कारापासून परावृत्त करणं कुणालाच जमलेलं नव्हतं.

रविवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, हॉल गच्च भरला. मराठी कुटुंबं होती, पंजाबी टॅक्सीवाले होते, युनिची पोरं फुकटच्या वड्यांच्या वासाने आली होती. पहिल्या रांगेत आमदारसाहेब आणि त्यांच्या शेजारी इथल्या साप्ताहिकाची बातमीदार कॅमेरा घेऊन. मागच्या रांगेत जॉयल, अंगात मेल्डनचा निळा युनिफॉर्म, कारण इथूनच शिफ्टला जायचं होतं. स्टेजवर भला मोठा फलक, तुमचं घर, तुमचा हक्क, आणि त्याखाली दाराच्या चौकटीत बंदूक घेऊन उभ्या असलेल्या एका बापाचं चित्र.

ब्रॉन्विनबाईंच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिलं यतीनचं भाषण होतं. काकांनी ती पत्रिका घडी करून खिशात घातली, समई लावली आणि माइक हातात घेतला.

"लेडीज अँड जंटलमेन, बिफोर वी बिगिन, वी मस्ट थँक अ व्हेरी ग्रेट मॅन."

ब्रॉन्विनबाई हसत होत्या. त्यांना वाटलं आमदारांबद्दल चाललंय.

"धिस मॅन हॅज पेड फॉर द हॉल. फॉर द वडाज. फॉर दॅट बिग बोर्ड. ही हॅज पेड फॉर द होल मूव्हमेंट, मॅडम हरसेल्फ टोल्ड मी. अँड ही सेड, डोन्ट टेक माय नेम. थ्री टाइम्स ही सेड. सच इज हिज मॉडेस्टी. प्लीज वेलकम मिस्टर रॉस पार्नेल, स्टेट मॅनेजर, मेल्डन फ्युएल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. चहाच्या पिंपाजवळ एक उंच, छान सूट घातलेला माणूस अर्धा वडा तोंडात घालून जागीच थिजला होता. त्याने मान हलवली. हात हलवले. वडा गिळून "नो, नो" असंही म्हणाला. आता सत्काराला नको नको करणारी माणसं या हॉलमध्ये वर्षानुवर्षं पाहिलेली. त्यामुळे टाळ्या आणखी वाढल्या, आणि सुनेत्राकाकू व आणखी एक काकू त्याला दोन्ही कोपरांना धरून हसत हसत स्टेजवर घेऊन आल्या. अशा वेळी कोपर सोडवून घेणं कुठल्याही देशातल्या पुरुषाला जमत नाही.

शाल पडली. नारळ हातात आला. काकांनी टाचा उंचावून त्याच्या डोक्यावर पुणेरी पगडी ठेवली आणि ती सरळ करायला दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मागे बंदूकवाल्या बापाचं चित्र, पुढे पगडीतला पार्नेल. बातमीदारबाईंनी धडाधड फोटो घेतले आणि काकांकडे वाकून कंपनीच्या नावाचं स्पेलिंग विचारलं. काकांनी हौसेने ते दोनदा सांगितलं. ब्रॉन्विनबाईंच्या चेहऱ्याचा रंग समईतल्या वातीसारखा पांढरा झाला होता.

यतीन स्टेजच्या कडेला उभा होता. मेल्डन हे नाव ऐकलं तेव्हा त्याला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग रॉस पार्नेल हे नाव आठवलं. तुझ्या फीडबॅकबद्दल आभार, यतीन. सध्या दुसरा टीम मेंबर आमच्या योजनेत बसत नाही.

मग सगळं जागच्या जागी बसलं. दुसरा माणूस ठेवायचा तर प्रत्येक पंपावर, प्रत्येक रात्री, कायमचा ठेवावा लागतो. त्यापेक्षा एक चळवळ पोसलेली स्वस्त. कायदा झाला की काउंटरवरच्या पोराचा जीव ही त्या पोराची जबाबदारी, त्याने बंदूक ठेवायची होती, नाही ठेवली तर कंपनी काय करणार? आणि ज्या असिस्टंट मॅनेजरच्या खुर्चीसाठी तो इथे उभा होता तीही याच दुकानातली, बाईंचा तो मित्र म्हणजे हाच. ज्यांनी त्याला एकटं उभं केलं त्यांनीच त्याचा मोडका हात विकत घेतला होता. यतीनला राग आला. त्याला आयुष्यात फारसा राग येत नसे, त्यामुळे पहिल्यांदा त्याला आपल्याला ताप भरतोय असंच वाटलं.

"कागदावर आहे तेच बोल," ब्रॉन्विनबाई त्याच्या कानाशी पुटपुटल्या. "पुढच्या आठवड्यात कागदपत्रं, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. माइकसमोर उभा राहिला तेव्हा तेवढंच लक्षात होतं. त्याने वाचायला सुरुवात केली. नाव, गाव, युनि, ती रात्र, ती पोरं. मग ते वाक्य आलं.

त्याने वर पाहिलं. मागच्या रांगेत जॉयल निळा युनिफॉर्म घालून बसला होता. एका हातात वडा, दुसऱ्या हाताने त्याने अंगठा वर केला. म्हण रे, असा तो अंगठा होता. म्हण आणि राहा. त्याला मेल्डनचं नाव ऐकून सगळं कळलं होतं आणि तरी तो अंगठा वर करत होता.

यतीनने कागद खाली ठेवला.

"माझ्याकडे बंदूक असती तर काय झालं असतं ते मला ठाऊक नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "बहुतेक ती पोरं ती पण घेऊन गेली असती. पण माझ्या शेजारी दुसरा माणूस असता तर ती आत आलीच नसती. सगळ्या सर्वोंवरच्या मुलांना हे माहीत आहे. दोघं दिसले की ती पुढच्या पंपावर जातात."

मग तो स्टेजवरच्या खुर्चीकडे वळला, जिथे पार्नेल मांडीवर नारळ घेऊन बसला होता.

"सर, मी तुम्हाला मेल पाठवली होती. टूनगॅबी, रात्रपाळी. दुसरा माणूस द्या म्हणून. तुम्ही म्हणालात योजनेत बसत नाही. आज मला कळलं की तुमच्या योजनेत हे सगळं बसत होतं." त्याने प्लास्टरचा हात वर केला, फलकाकडे. "माझा मित्र आज तिथेच चाललाय. तुमचाच शर्ट घालून, एकटा. तो मागे बसलाय."

अख्ख्या हॉलने मागे वळून पाहिलं. जॉयलने घाईघाईने वडा गिळला आणि सवयीने म्हणाला, "नो वरीज."

कुणी हसलं नाही. मग मधल्या रांगेतून एक सरदारजी टॅक्सीवाले उठून म्हणाले, "पार्नेल साब, दूसरा बंदा इतना महंगा पड़ता था क्या?" पार्नेलला हिंदी येत नव्हती, पण ते कळायला हिंदी लागत नव्हती.

आमदारसाहेब घड्याळाकडे पाहत उठले आणि मागच्या दाराने निघाले. पार्नेलही उठू लागला. तेवढ्यात काका माइक घेऊन त्याच्यासमोर आडवे आले.

काकांना काय आणि किती समजलं होतं याबद्दल वेंटवर्थव्हिलमध्ये आजही दोन मतं आहेत. कुणी म्हणतं काका भोळे सांब. कुणी म्हणतं सिग्नल सांभाळलेला माणूस, लाल कधी आणि हिरवा कधी हे त्याला शिकवू नका. एवढं खरं की त्यांचा चेहरा पूर्वीइतकाच प्रसन्न होता.

"आमच्याकडे रीत आहे," ते म्हणाले, "सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलल्याशिवाय जायचं नसतं. सर, हा मुलगा दुसरा माणूस मागतोय. देणार ना?"

"हे बघा, मी आत्ता तसं काही सांगू शकत नाही," पार्नेल म्हणाला.

"एक," काका म्हणाले.

"मला कमिट करता येणार नाही."

"दोन."

"प्लीज. नो."

काका माइककडे वळले. "लेडीज अँड जंटलमेन, ही हॅज सेड नो थ्री टाइम्स. आता तुम्हाला माहीतच आहे, हा माणूस किती विनयशील आहे. ही ऑलवेज सेज नो, अँड देन ही गिव्ह्ज एव्हरीथिंग. टाळ्या!"

आणि काय टाळ्या पडल्या. छप्पर हलेल अशा. बातमीदारबाई टाळ्या वाजवत नव्हत्या, त्या लिहीत होत्या. त्यांचं लिहिणं संपेपर्यंत पार्नेल पगडी घालून तसाच उभा होता, आणि शेवटी कॅमेरा पुन्हा वर आला तेव्हा तो म्हणाला की कंपनी रात्रपाळीच्या व्यवस्थेचा नव्याने विचार करील.

फोटो साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर आला. तिथून तो मोठ्या वर्तमानपत्रांनी उचलला, कारण पगडी आणि बंदूक असा योग एरवी कुठे जुळायचा? आपण तिथे फक्त वडे खायला गेलो होतो, असं आमदारसाहेबांनी सांगितलं. विधेयक त्या अधिवेशनात आलं नाही. मेल्डनने पश्चिम सिडनीतल्या सगळ्या पंपांवर रात्री दोन माणसं ठेवल्याचं पत्रक काढलं, त्यात कामगारांची सुरक्षितता हे आमचं पहिल्यापासूनचं धोरण आहे असंही म्हटलं होतं. गुळगुळीत कागदावरच होतं.

ब्रॉन्विनबाईंचा फोन काही आला नाही. कागदपत्रंही आली नाहीत. यतीनने दुसरीकडे पुष्कळ धडपड केली, पण उन्हाळा आला आणि व्हिसा संपला. विमानतळावर काकांनी त्याला शाल घातली आणि नारळ दिला. नारळ विमानात नेऊ देईनात, तो जॉयलने परत नेला आणि चटणी करायला जाऊन मिक्सर मोडला.

ठाण्यात यतीनला एका ऑडिट फर्ममध्ये नोकरी लागली. बाबा गच्चीवर जायचे बंद झाले, मग हळूहळू पुन्हा जाऊ लागले. यतीनला सिडनीची आठवण यायची. हे तो कुणाला सांगत नसे. जॉयलचा कोर्स अजून बाकी होता, तो तिकडेच होता, आणि त्याचे मिस्ड कॉल मात्र चालू होते. सवयच लागली होती दोघांना. इथे दुपारचा चहा व्हायचा तेव्हा तिकडे जॉयलची शिफ्ट सुरू झालेली असायची, आणि ऑफिसात यतीनच्या टेबलावर फोन दोनदा वाजून कापला जायचा.

एका दुपारी तो वाजला नाही. यतीनने चहा संपवला, फाइल उघडली, बंद केली. पुढच्या तासालाही वाजला नाही. मग पैशाबियशाचा विचार न करता तो जिन्यात गेला आणि त्याने थेट सिडनीला फोन लावला. पलीकडे बराच वेळ रिंग वाजत राहिली. प्रत्येक रिंगला यतीनच्या डोळ्यांसमोर ती सळई येत होती.

"हॅलो," जॉयलचा आवाज आला, हसून हसून दमलेला.

"गाढवा, मिस्ड कॉल का नाही दिलास?"

"अरे, सॉरी यार. विसरलोच. गप्पा मारत होतो."

"गप्पा? कामावर? कुणाशी?"

मागे कुणीतरी नेपाळी गाणं गुणगुणत होतं, गल्ल्याचं ड्रॉवर उघडल्याचा आवाज झाला आणि जॉयलने कुणाला तरी ओरडून सांगितलं, बोट सांभाळ, मेट. मग तो फोनवर परत आला.

"हा रे," तो म्हणाला. "तू दिलेला दुसरा माणूस."